दशांश ग्रॉसवर की नेटवर? ख्रिस्ती माणसाच्या देण्याबद्दल थोडं सविस्तर

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण पोरापोरींची मिटिंग झाली की एक प्रश्न ठरलेला असतो, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, ग्रॉस पगारावर काढायचा की हातात पडतो त्याच्यावर? बहुतेक जण हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात जॉबला आहेत, सॅलरी स्लिपमध्ये पीएफ कापलेला, टॅक्स कापलेला, मग घरभाडं, गाडीचा हप्ता, गावी आईवडलांना पाठवायचे पैसे, आणि रविवारी उपासनेत बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला जातो की तुम्ही देवाला लुबाडताय, मग ते बिचारं पोरगं घाबरतं आणि विचारतं की आपला हिशेब चुकत तर नाहीये ना. आणि ऑफिसमधले आपले हिंदू मित्रमैत्रिणी पण विचारतात, तुमच्यात दहा टक्के कंपल्सरी असतं ना रे? म्हणून म्हटलं हे एकदा नीट मुळापासून लिहावं, कारण दहा टक्के हा या विषयाचा मधला टप्पा आहे आणि आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो.

आधी दशांश म्हणजे काय ते बघू. जुन्या करारात अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला लुटीचा दहावा भाग दिला, याकोबाने बेथेलला नवस केला की तू मला जे देशील त्याचा दहावा भाग तुला देईन, या दोन्ही गोष्टी मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीच्या. नियमशास्त्रात आल्यावर त्याची रीतसर व्यवस्था झाली. लेवी वंशाला जमिनीत वाटा मिळाला नव्हता, ते मंदिराच्या सेवेला वाहिलेले, त्यांनी खायचं काय? तर बाकीच्या वंशांनी शेताच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा दहावा भाग त्यांना द्यायचा, आणि लेव्यांनी सुद्धा त्यांना मिळालेल्यातला दहावा भाग परत याजकांसाठी काढायचा, हे बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. म्हणजे घेणारा पण देणाराच.

पण अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४वा अध्याय किती लोकांनी लक्ष देऊन वाचलाय मला शंका आहे. तिथे लिहिलंय की दशांश घेऊन देवाने निवडलेल्या जागी जा आणि तिथे कुटुंबाबरोबर खा आणि आनंद करा, लांब राहत असाल तर तो विका, पैसे गाठीला बांधून न्या आणि तिथे जाऊन तुम्हाला जे आवडेल ते विकत घेऊन देवासमोर जेवा, फक्त लेव्याला विसरू नका. आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशांश आपल्याच गावात साठवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे सेवा करणारे, सण, आणि गरीब, असे सगळे त्यात आले. हे सगळे दशांश वेगवेगळे धरायचे की एकच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, वेगवेगळे धरले तर वर्षाला २० टक्क्यांच्या पण वर जातं. त्यामुळे "बायबल म्हणतं १० टक्के" इतकं सरळ ते नाहीये.

आता मलाखी. हा सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात कमी समजावला जाणारा भाग. बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आलेत, मंदिर पुन्हा बांधून झालंय, पण मन थंड पडलंय, लोक आंधळी, लंगडी, आजारी जनावरं यज्ञाला आणतायत, जी सुभेदाराला भेट म्हणून दिली तर तो पण घेणार नाही असं मलाखी त्यांना सुनावतो. साधारण त्याच काळातल्या नहेम्याच्या पुस्तकात दिसतं की लेव्यांचा वाटा कोणी देईना म्हणून ते मंदिर सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. म्हणजे भांडारात अन्न आणा हे शब्द खऱ्या अन्नाबद्दल आहेत, ते नसल्यामुळे कोणाच्या तरी घरची चूल बंद पडली होती. आणि त्याच तिसऱ्या अध्यायात, दशांशाच्या तीनच ओळी आधी, देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे, परक्याचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध मी साक्ष द्यायला येतोय. ही ओळ वेदीवरून वाचलेली तुम्ही शेवटची कधी ऐकली? घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार महिना महिना लांबवायचा आणि चर्चमध्ये पाकीट वेळेवर टाकायचं, हे मलाखीच्या हिशेबात बसत नाही.

येशू दशांशाबद्दल फार थोडं बोलतो. मत्तय २३ मध्ये तो परुशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना म्हणतो, तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा पण दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वासूपणा सोडून देता, हे करायचं होतं आणि ते पण सोडायचं नव्हतं. विचार करा, कुंडीतल्या पुदिन्याची दहा पानं मोजून एक बाजूला काढणारा माणूस. त्याची शिस्त येशूने चुकीची म्हटली नाही, पण त्या शिस्तीच्या मागे लपून राहायला त्याला जागा दिली नाही.

आणि मग ती विधवा. मार्कच्या १२व्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसलाय, श्रीमंत पुष्कळ टाकतायत, एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकते. दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका दीनारात १२८ टोल्या असं गणित मांडतात, म्हणजे तिने टाकलं ते दिवसाच्या मजुरीचा ६४वा भाग. समजा आज पुण्यात कोणाला दिवसाला ६४० रुपये रोज मिळतो, तर ते झाले १० रुपये. धड एक वडापाव येत नाही. येशू शिष्यांना बोलावून म्हणतो हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून टाकलं आणि हिने जगायला होतं ते सगळं. टोल्या दोन होत्या, एक ठेवून एक टाकली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं, तेच ५० टक्के झाले असते!

पण याच गोष्टीची अजून एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हिच्या बरोबर आधीच्या ओळींमध्ये येशू म्हणतो शास्त्र्यांपासून, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्यांपासून, सावध राहा, ते विधवांची घरं गिळतात आणि लोकांना दिसावं म्हणून लांबलांब प्रार्थना करतात. आणि गोष्ट संपल्या संपल्या तो म्हणतो या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. म्हणजे तिच्या देण्याचं कौतुक आहेच, पण जी व्यवस्था तिच्याकडून शेवटची टोली घेते आणि तिच्या घराची चौकशी करत नाही तिच्यावर ठपका पण त्याच पानावर आहे. म्हणून कोणी गरीब बाईला या विधवेची गोष्ट सांगून तिच्याकडून पैसे काढत असेल तर त्याने ती अर्धीच वाचलीये.

मग नव्या करारात नियम काय? खरं सांगायचं तर टक्केवारीचा नियम नाहीच. प्रेषितांनी गैरयहुदी मंडळ्यांना दशांशाची आज्ञा दिलेली कुठे सापडत नाही. कॅथलिक लोकांमध्ये सुद्धा १० टक्क्यांची सक्ती नाहीये, आपापल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावा एवढंच शिकवलं जातं. आपल्याकडे कोणी १० टक्के द्यायची शिस्त लावून घेतली असेल तर ती उत्तम सवय आहे, मी स्वतः ती पाळते आणि पाळावी असंच म्हणेन, पण न देणाऱ्याला शाप लागतो वगैरे जे सांगतात ते प्रेषित पौलाने, ज्याची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं नव्या करारात आहेत, कधी सांगितलं नाही.

पौलाने काय सांगितलं ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात ८ आणि ९ या दोन अध्यायांत आहे आणि माझ्या मते या पूर्ण विषयाची चावी तिथे आहे. झालं असं होतं की यरुशलेमच्या मंडळीतले लोक अडचणीत होते, गरिबी होती, म्हणून पौल वेगवेगळ्या मंडळ्यांमधून मदत गोळा करत होता. करिंथ म्हणजे बंदराचं शहर, पैसा खेळणारं, त्यांनी वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली आणि मग गाडी थांबली. आणि तिकडे मासेदोनिया, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका वगैरे, ते स्वतः छळात आणि अतिशय दारिद्र्यात, तर त्यांनी ऐपतीच्या बाहेर दिलं, आणि वर पौलाच्या मागे लागले की आम्हाला पण यात भाग घेऊ दे. म्हणजे इथे मागणारा आणि देणारा यांची जागाच बदलली, देणारेच विनंती करतायत. असं कसं झालं? पौल एका वाक्यात सांगतो, त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं.

बस, सगळं इथे आहे. पैसा दुसऱ्या नंबरला येतो. ज्याने स्वतःला देऊन टाकलंय त्याच्यासाठी पाकिटातलं किती देवाचं आणि किती माझं हा प्रश्नच वेगळा होतो, कारण ९० टक्के पण देवाचेच झाले, ते कसे खर्च होतात याचा पण जाब आला. रोमकरांच्या १२व्या अध्यायात पौल म्हणतो आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, त्यात वेळ आला, हातपाय आले, करियर आलं, रविवारची झोप आली.

पुण्याच्या माणसाला हे समजायला लांब जायला नको, देहू जवळच आहे. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं काढली, भावाच्या वाटणीची भावाला दिली आणि स्वतःच्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. त्यांना कोणी टक्केवारी सांगितली नव्हती, मन एकदा विठ्ठलाकडे गेल्यावर लोकांच्या मानेवरचं ते कर्ज हातात ठेववेना. आता लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय बघा, जकातदार, लोकांना पिळून श्रीमंत झालेला, येशू त्याच्या घरी जेवायला जातो आणि काही मागत नाही, पैशाचा शब्द पण काढत नाही, आणि हा उभा राहून म्हणतो माझं अर्धं गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. फसवणुकीसाठी नियमशास्त्रात साधारण मूळ रक्कम अधिक पाचवा भाग एवढंच होतं, हा चौपटीवर गेला. आणि परत करणं हे दानात धरलं नाही, ते वेगळं, हे पण लक्षात घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यांचं शेवटचं वळण पण असंच आहे, १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, १९१९ मध्ये ते गेले. त्या वयात, घरसंसार असताना पगार सोडणं म्हणजे काय हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच माहीत असणार.

आणि पुण्याबद्दल बोलताना पंडिता रमाबाईंना वगळून पुढे जाताच येत नाही. जन्म १८५८, तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण असे एकामागून एक गेलेले, उपाशी राहणं म्हणजे काय ते अंगावर घेतलेली बाई. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, म्हणजे बजेट ठरलेलं, संख्या ठरलेली. त्यात १८९६ चा दुष्काळ पडला. कोणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाई, आहे त्या मुली सांभाळा. या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, उपाशी, कोणी उचलून विकेल अशा शेकडो मुली घेऊन आल्या, पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून अजून आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, शहरात निर्बंध, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं, दौंडच्या लोकलने गेलात तर केडगाव स्टेशन लागतं, आजही काम चालू आहे. शेती, गाईगुरं, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकाच चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पूर्ण बायबल मराठीत केलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून, आणि ते मुक्तीच्या छापखान्यातच छापलं गेलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, पुस्तक त्यानंतर बाहेर आलं.

रमाबाईंनी किती टक्के दिले असा हिशेब मांडून बघा. मांडताच येत नाही. विद्या दिली, नाव दिलं, तब्येत दिली, जन्माची सगळी वर्षं दिली. मासेदोनियाच्या लोकांबद्दलचं ते वाक्य कसं दिसतं हे कोणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर केडगावला जाऊन यावं, पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर आहे.

आता उलटी भीती. एवढं सगळं ऐकून एखाद्याला वाटेल की मग मी सगळं विकून टाकलं नाही तर मी कच्चा ख्रिस्ती का? हनन्या आणि सप्पीराच्या गोष्टीने पण लोक घाबरतात, प्रेषितांची कृत्ये, ५वा अध्याय, जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि दोघं मेले. पण प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणाला ते वाचा. जमीन होती तेव्हा तुझीच होती ना, विकल्यावर पैसे पण तुझ्याच हातात होते ना. म्हणजे ठेवले असते तरी चाललं असतं, गुन्हा होता तो सगळं दिलं असं खोटं दाखवण्याचा, आधीच्याच अध्यायात शेत विकून सगळे पैसे देणाऱ्या बर्णबासारखं नाव पाहिजे होतं पण बर्णबासारखं द्यायचं नव्हतं. पौल पण स्पष्ट म्हणतो की मी आज्ञा करत नाहीये, ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसलेल्याची अपेक्षा नाही, आणि दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा हेतू नाही, समानता व्हावी असा आहे. रानात देवाने इस्राएल लोकांना खायला दिलेल्या मान्न्याचा दाखला देतो, ज्याने जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही, कमी गोळा केला त्याला कमी पडलं नाही. आणि म्हणतो खिन्न होऊन किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे. हा संतोष जबरदस्तीने कसा येणार सांगा.

त्यामुळे क्रेडिट कार्डवर कर्ज काढून दान देऊ नका. आईवडलांच्या औषधाचे पैसे वळवून तर अजिबात नको, मार्क ७ मध्ये येशूने यावरच लोकांना झापलंय, आईबापाला द्यायचं ते कुरबान म्हणजे देवाला वाहिलंय असं म्हणून हात वर करणाऱ्यांना. आणि कोणाशी वाकडं असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन समेट करा, हे मत्तय ५ मध्ये आहे, भावाबरोबर जमिनीची केस चालू असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच घरांना हे लागू आहे.

एक गोष्ट मनापासून बोलते. हल्ली मोबाईलवर भाषणं येतात की हजार रुपये पेरा, दहा हजार येतील, विश्वासाचं बी पेरा, व्हिसा मिळेल. करिंथकरांच्या त्याच दुसऱ्या पत्राच्या ९व्या अध्यायातला पेरणीचा दाखला त्यासाठी वापरतात. तिथे पौल म्हणतो की देव तुम्हाला भरपूर देईल ते प्रत्येक चांगल्या कामासाठी तुमच्याजवळ पुरेसं असावं म्हणून, म्हणजे पुन्हा देण्यासाठीच. जास्त परत यावं म्हणून टाकलेल्या पैशाला गुंतवणूक म्हणतात. वाईट याचं वाटतं की या भाषणांना फसणारे बहुतेक आजारपणाने किंवा कर्जाने आधीच गांजलेले असतात, ज्यांना खरं तर मंडळीने द्यायला पाहिजे.

मग करायचं काय, व्यवहारात? पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात, १६व्या अध्यायात साधी पद्धत दिलीये, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काहीतरी बाजूला काढून ठेवायचं. प्रत्येकाने, नियमित, मिळकतीच्या मानाने, आणि आधी. महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ असं म्हटलं की काही उरत नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये. मिझोराममध्ये १९१० पासून बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी घरच्या तांदळातून मूठभर बाजूला काढतात, तो चर्च गोळा करून विकतं आणि त्यावर मिशनचं मोठं काम उभं राहिलंय. आपल्याकडे पण कापणीच्या सणाला कोणी ज्वारी आणतं, कोणी नारळ, कोंबडी, घरचं लोणचं, मग त्याचा लिलाव होतो आणि एकेक भोपळा दहापट किमतीला जातो, मला तो दिवस फार आवडतो कारण ज्याच्याकडे रोख पैसा नाही त्याचा पण हात वर असतो. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने ससूनमध्ये ॲडमिट असलेल्या, गावाकडून आलेल्या पेशंटजवळ एक रात्र बसावं, ते कुठल्या पावतीत येत नाही पण ते अर्पणच आहे.

ग्रॉस की नेट, तर माझं उत्तर असं, नवराबायकोने एका संध्याकाळी शांत बसा, प्रार्थना करा, आणि मनात ठरवा, पौलाचा शब्द तोच आहे, मनात ठरवल्याप्रमाणे. १० टक्क्यांपासून सुरू करा, फार ओढाताण असेल तर कमीपासून करा आणि लाजू नका, पगार वाढला की फक्त फ्लॅट मोठा करू नका, देण्याचा आकडा पण वाढवा. दोघं कमावते असून २ लाख घरात येत असतील तर १० टक्के देऊन तुम्हाला काही जाणवतही नसेल, तिथे थांबायचं कारण नाही. दावीद राजा म्हणाला होता, मला ज्याची काही किंमत पडली नाही असं मी देवाला देणार नाही, आणि फुकट मिळत असलेलं खळं ५० शेकेल चांदी मोजून विकत घेतलं. टॅक्ससाठी देत असाल तर आयकराच्या नवीन रेजिममध्ये ८०जी ची, म्हणजे दानावरची सूट तशीही मिळत नाही, त्यामुळे तो विचार बाजूलाच ठेवा.

आणि ज्यांच्या हातात मंडळीचा पैसा आहे त्यांच्यासाठी पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या त्याच ८व्या अध्यायात आहे. पौल ती रक्कम एकट्याने यरुशलेमला नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, आणि कारण सांगतो, एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही जे योग्य ते आम्ही बघतो. प्रेषित पौल, ज्याच्यावर शंका घ्यायची कोणाची हिंमत नसती, तो स्वतःहून साक्षीदार मागतो. म्हणून वार्षिक सभेला हिशेब मागणं हा काही पाळकसाहेबांवरचा अविश्वास नाही. दानपेटी दोघांनी मिळून मोजा, क्यूआर कोड मंडळीच्याच खात्याचा आहे ना ते बघा, कोणा एकाच्या पर्सनल नंबरचा नको. किती पैसे रंगकामाला गेले आणि किती विधवा, आजारी, फी भरता न येणारी मुलं यांच्यावर गेले हे विचारा. देणाऱ्यांची नावं आकड्यासकट स्टेजवरून वाचू नका, डाव्या हाताला कळू नये असं येशूने सांगितलंय आणि पंख्याच्या पात्यावर नाव रंगवलं की ते सगळ्या मंडळीला कळतं. ताळेबंद वाचता येत नसेल तर बँकेतून रिटायर झालेले एखादे काका प्रत्येक मंडळीत असतातच, उपासना झाल्यावर त्यांच्याजवळ बसा, ते आनंदाने समजावून सांगतील.